वाहनांचा वायु आणि शेताची मळी

— एक ऊंस बागाईतदार, पळसदेव

शेतकऱ्याच्या संसारांत इंधनाचा खर्च हा पूर्वीं निराळा मांडण्याजोगा नव्हता. बैलाचें इंधन म्हणजे वैरण, आणि ती शेतांतच पिकत असे. पुढें बैलाच्या जागीं ट्रॅक्टर आला, टायरगाडीच्या जोडीस ट्रॉली आली, पायीं जाणारा माणूस मोटारसायकलवर बसला. आणि वैरणीच्या रूपानें जो पैसा घरांतल्या घरांत फिरत होता तो डिझेल-पेट्रोलच्या रूपानें गांवाबाहेर, नव्हे देशाबाहेर, जाऊं लागला. हा पैसा वर्षास किती जातो याचा आंकडा प्रत्येक शेतकऱ्यानें आपल्या वहींत एकदां मांडून पाहावा, म्हणजे प्रस्तुत विषयाचें महत्त्व निराळें सांगण्याची गरज राहणार नाहीं.

पळसदेव हें गांव पुणें-सोलापूर महामार्गावर, भिगवण व इंदापूर यांच्या दरम्यान आहे. दुधाच्या गाड्या, उजनीच्या पाण्यांतील मासळी नेणारे टेंपो, पुण्याच्या बाजारास भाजीपाला पोहोंचविणारीं पिकअप, शाळा-कॉलेजच्या मुलांच्या रिक्षा, आणि गाळपाचा हंगाम लागला म्हणजे उंसानें भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा, असें आमचें रोजचें दळणवळण आहे. गेल्या कांहीं वर्षांत यांपैकीं पुष्कळ लहान गाड्या नैसर्गिक वायूवर, म्हणजे ज्यास सर्वजण सीएनजी म्हणतात त्यावर, चालूं लागल्या आहेत. हा बदल इष्ट आहे काय, असल्यास कोणत्या अटींवर, आणि त्यांत ऊंस पिकविणारांचें हित कोठें आहे, याचा विचार आपल्या संघाच्या सभासदांनीं वेळींच करावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

वायूवर मोटार चालविणें ही कल्पना नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेट्रोलची टंचाई झाली तेव्हां आपल्याकडे प्रवासी मोटारींच्या मागें कोळशाची भट्टी बसवून तींतील वायूवर त्या चालविल्या जात. इटलींत तर पो नदीच्या खोऱ्यांत सांपडलेला नैसर्गिक वायु 1930 नंतरच्या दशकांतच मोटारींस वापरूं लागले होते. आपल्या देशांत या इंधनास खरी गति मिळाली ती दिल्लीच्या धुरामुळें. सर्वोच्च न्यायालयानें 28 जुलै 1998 रोजीं आदेश दिला, आणि 2002 च्या अखेरपर्यंत तेथील शहर-बसगाड्या वायूवर आल्या. मुंबईंत वायु पुरविण्यासाठीं 1995 सालीं कंपनी निघाली, पुण्यांत 2006 सालीं. आणि पुण्याच्या रिक्षा व पुष्कळशा बसगाड्या आज वायूवरच धांवतात. आपल्याच जिल्ह्यांतील बजाज कारखान्यानें 5 जुलै 2024 रोजीं पुण्यांत वायूवर चालणारी मोटारसायकल बाजारांत आणली. दुचाकीपर्यंत गोष्ट आली म्हणजे ती खेडेगांवापर्यंत आली असें समजण्यास हरकत नाहीं.

हा वायु म्हणजे मुख्यत्वें मिथेन होय. दलदलींत, शेणाच्या खड्ड्यांत, कुजलेल्या पाचटाच्या तळाशीं जो जळाऊ वायु आपोआप तयार होतो तोच हा. तो हवेच्या सुमारें दोनशें पट दाबाखालीं पोलादी नळकांड्यांत भरतात. एक किलो वायूंत सुमारें सव्वा ते दीड लिटर पेट्रोलइतकी उष्णता असते. तो जळतांना काजळी फार थोडी पडते, इंजिनाचें तेल लवकर काळें होत नाहीं, व धूर डोळ्यांस झोंबत नाहीं. शिवाय तो हवेहून हलका असल्यामुळें गळती झाल्यास उघड्यावर वरच्या वर निघून जातो. स्वयंपाकाच्या सिलिंडरांतील गॅसाप्रमाणें जमिनीसरसा सांचून राहत नाहीं. हे त्याचे गुण खरे आहेत, व ते मान्य केलेच पाहिजेत.

परंतु गुणांबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दाबलेल्या वायूस त्याच कामासाठीं डिझेलच्या सुमारें चौपट जागा लागते. मोटारीच्या मागच्या खणांत नळकांडें बसविलें कीं सामानाची जागा जाते. डिझेलचें इंजिन तर नुसता वायु सोडल्यानें चालत नाहीं. त्यास ठिणगीची योजना करावी लागते, किंवा थोडें डिझेल चालूं ठेवून दोन्ही इंधनें एकत्र वापरावीं लागतात. वायूवर चालणारा ट्रॅक्टर होत नाहीं असें नव्हे. फेब्रुवारी 2021 मध्यें दिल्लींत जुना डिझेल ट्रॅक्टर वायूवर आणून दाखविण्यांत आला, आणि 2023 सालीं नागपूरच्या कृषिप्रदर्शनांत महिंद्र कंपनीनें तसा नवा ट्रॅक्टर मांडला. पण दिवसभर नांगरट करणाऱ्या, किंवा दोन ट्रॉल्या ओढून रात्रभर कारखान्याच्या गव्हाणीपाशीं उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरास वायूचा सांठा पुरा पडणें अजून सोपें नाहीं. म्हणून लहान गाड्या आधीं, ट्रॅक्टर मागून, हाच क्रम शहाणपणाचा आहे.

दुसरी मर्यादा पुरवठ्याची. जेथें नळ पोहोंचला नाहीं तेथील पंपांवर वायु ट्रकांवरील नळकांड्यांत भरून आणावा लागतो. एका गाडीचा वायु संपत आला म्हणजे दाब उतरतो, भरण्यास वेळ लागतो, व दुसरी गाडी येईपर्यंत रांग जागच्या जागीं राहते. गेल्या उन्हाळ्यांत प्रस्तुत लेखक मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन जाणाऱ्या एका पिकअपांत बसून पुण्यास निघाला होता. वाटेंतील एका पंपावर पहांटे दीड तास रांगेंत गेला, व शेवटीं अर्धीच टांकी भरून मिळाली. माल बाजारांत पोहोंचला तेव्हां मोठे सौदे आटोपले होते. इंधनांत जे दोनतीनशें रुपये वांचले त्याच्या कितीतरी पट जुड्यांच्या भावांत गेले. गाडीवाल्याचा यांत दोष नव्हता, व पंपावरील नोकराचाही नव्हता. परंतु ज्याचा माल नाशवंत आहे त्यानें स्वस्त इंधनाचा हिशेब घड्याळासकट केला पाहिजे, एवढें त्या दिवशीं समजलें.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी आहे. आपल्या देशांत जळणाऱ्या नैसर्गिक वायूपैकीं सुमारें निम्मा परदेशांतून येतो. तो अतिशय थंड करून द्रवरूपानें जहाजांत भरतात, व गुजराथेंत दहेज, आपल्या कोंकणांत दाभोळ अशा बंदरांवर उतरवितात. म्हणजे डिझेल सोडून वायु धरला तरी परावलंबन सर्वस्वीं सुटलें असें होत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें 1 एप्रिल 2022 पासून सीएनजीवरील कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, व त्या दिवशीं भाव उतरला. पण रशिया-युक्रेन युद्धामुळें जगाच्या बाजारांत वायु महागला, आणि कांहीं महिन्यांतच तो भाव पुन्हा वर चढला. शेजारच्या पाकिस्तानचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथें वायु स्वस्त म्हणून लाखों मोटारी त्यावर आणल्या गेल्या. एके काळीं या बाबतींत तो देश जगांत आघाडीवर होता. पुढें देशांतील वायूचे सांठे मागणीस पुरेनात, पंप आठवड्यांतून कित्येक दिवस बंद ठेवण्याची पाळी आली, आणि लोकांस पुन्हा पेट्रोलकडे वळावें लागलें. ज्या इंधनाचा उगम आपल्या हातीं नाहीं त्याच्या स्वस्ताईवर संसार बांधूं नये, हा त्यांतील बोध होय.

तर मग उगम आपल्या हातीं येईल काय? प्रस्तुत लेखकाच्या मतें येईल, आणि बारामती-इंदापुराइतका तो इतर थोड्याच प्रदेशांस सहज येईल. शेणापासून जळाऊ वायु काढण्याची विद्या आपल्या देशास नवीन नाहीं. दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेंत 1939 च्या सुमारास त्याचे प्रयोग झाले, व पुढें खादी-ग्रामोद्योगाच्या द्वारें गोबरगॅस गांवोगांव पोहोंचला. आतां त्याच वायूंतील कर्बवायु व गंधकाचा दूषित वायु काढून टाकून मिथेनचें प्रमाण शेंकडा नव्वदांच्या वर नेतात, व दाब देऊन तो मोटारींस वापरतात. नैसर्गिक वायूवर चालणारी कोणतीही गाडी त्यावर फेरफार न करतां चालते. केंद्र सरकारनें ऑक्टोबर 2018 मध्यें यासाठीं योजना जाहीर करून 2023 पर्यंत पांच हजार कारखाने उभे करण्याचें ठरविलें होतें. मुदत संपली तेव्हां त्याच्या दशांशासही काम पोहोंचलें नव्हतें. तथापि शहरोशहरीं वायु विकणाऱ्या कंपन्यांनीं 2025-26 पासून आपल्या विक्रींत एक टक्का, व वाढवीत वाढवीत 2028-29 पासून पांच टक्के, असा वायु मिसळला पाहिजे असें बंधन आतां घालण्यांत आलें आहे. म्हणजे गिऱ्हाईक निश्चित झालें आहे; माल कोणाचा, एवढाच प्रश्न उरला आहे.

हा माल आपला आहे. साखर कारखान्यांत रस गाळतांना जो काळा गाळ निघतो, ज्यास कारखान्यांत प्रेसमड व आपण मळी म्हणतों, तो या कामास फार चांगला. शंभर टन उंसामागें तीन ते चार टन मळी निघते, आणि साधारणतः पंचवीस टन मळीपासून एक टन शुद्ध वायु मिळतो. एकरीं चाळीस टन उतारा धरला तर एका एकराच्या मळींतून सुमारें 56 किलो वायु निघेल. उष्णतेच्या हिशेबानें तो सुमारें 70 लिटर डिझेलच्या बरोबरीचा आहे. वायूची मोटारसायकल किलोस शंभर किलोमीटर जाते असें तिचे कर्ते म्हणतात. तें खरें धरलें तर एक एकर उंसाच्या निव्वळ गाळावर एका शेतकऱ्याची वर्षभराची जा-ये होऊं शकते. रोज पांच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा हिशेब केला तर दिवसास सुमारें 175 टन मळी व सात टन वायु होतो. हा आंकडा उपेक्षणीय नाहीं.

शेणाविषयींही लोकांत कांहीं अवास्तव कल्पना आहेत, त्या येथेंच दूर केलेल्या बऱ्या. एका जनावराच्या दिवसाच्या दहा किलो शेणापासून सुमारें चारशें लिटर कच्चा वायु होतो. सहासात जनावरांच्या शेणांतून फार तर एक किलो शुद्ध मिथेन. तो शुद्ध करणें व दोनशें पट दाबणें हें घरच्या घरीं होणारें काम नाहीं, व कोणीं करूंही नये. घरच्या शेणाचा वायु चुलीस वापरावा. मोटारीचा वायु मोठ्या, एकत्र, जाणत्या माणसांच्या देखरेखीखालील कारखान्यांतच व्हावा. कोणी जुनीं नळकांडीं स्वस्तांत बसवून देतों म्हणून सांगत आल्यास त्यास दारांतूनच परत पाठवावें. नळकांड्यावर त्याच्या परीक्षेची तारीख कोरलेली असते, व दर तीन वर्षांनीं ती परीक्षा झालीच पाहिजे असा नियम आहे. त्यांत कसूर करणारा स्वतःबरोबर रांगेंतील शेजाऱ्याच्या जिवाशींही खेळतो.

येथवर वायूच्या बाजूनें लिहिलें. आतां मळीच्या बाजूनें लिहिणें अवश्य आहे, कारण हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. मळी म्हणजे टाकाऊ वस्तु नव्हे. तींत स्फुरद आहे, चुना आहे, नत्र आहे, आणि सेंद्रिय द्रव्य भरपूर आहे. उजनीचें पाणी आल्यापासून आमच्या भागांत उंसावर ऊंस व खोडव्यावर खोडवा घेतला गेला. पाणी सढळ, रासायनिक खत सढळ, आणि शेणखत मात्र कमी. कित्येक जमिनी चोपण झाल्या, कित्येक खारवल्या. अशा जमिनींस मळीच्या चार ट्रॉल्यांनीं जो आधार दिला तो ज्यांनीं पाहिला आहे ते ही वस्तु सहजासहजीं हातची जाऊं देणार नाहींत. वायूच्या कारखान्यांनीं ती जादा भावानें उचलली तर लहान शेतकऱ्यास ती मिळणार नाहीं. म्हणजे मोटार चालेल आणि जमीन बसेल.

परंतु हें संकट अटळ नाहीं. वायु निघतांना मळींतून जातो तो कर्बाचा कांहीं भाग. नत्र, स्फुरद, पालाश हीं तिन्ही मागें राहिलेल्या राळ्यांत, ज्यास स्लरी म्हणतात तींत, कायम राहतात. ही स्लरी कुजलेली असल्यानें पिकास लवकर लागू पडते व शेतांत घातल्यावर तापत नाहीं. सरकारनें अशा खतास 2021 सालीं खत-नियंत्रण आदेशांत जागा दिली, व 2023 सालीं त्याच्या विक्रीस टनास 1,500 रुपये साहाय्य ठरविलें. तेव्हां मार्ग सरळ आहे : वायु मोटारीस द्यावा, आणि खत ज्या शेतांतून ऊंस आला त्या शेतास परत द्यावें. यांत अडचण एकच, ती म्हणजे तें परत देण्याचें बंधन कोणावर घातलेलें नाहीं. तें आपण घालून घेतलें पाहिजे.

पैशाच्या वांटणीचाही असाच प्रश्न आहे. रंगराजन समितीनें 2012 सालीं असें सांगितलें कीं, साखर व तिच्याबरोबर निघणारे मोलॅसिस, बगॅस आणि मळी यांच्या एकंदर उत्पन्नांत शेंकडा 70 चा वांटा ऊंस पिकविणाराचा असावा. उद्यां मळीचा भाव नुसती मळी म्हणून हिशेबांत धरला, आणि तिच्या वायूचा व खताचा नफा निराळ्या नांवाच्या निराळ्या वहींत गेला, तर हें तत्त्व कागदावर राहून व्यवहारांत फसेल. आरंभीं सरकारी तेलकंपन्यांनीं या वायूस किलोस 46 रुपये भाव देऊं केला होता, व पुढें तो सीएनजीच्या भावाशीं जोडण्यांत आला. आरंभींच्या भावानेंही एकरीं 56 किलोंचे अडीच हजारांवर रुपये होतात. त्यांतून यंत्रसामग्रीचा, विजेचा, कर्जाच्या व्याजाचा खर्च वजा जातां फार उरेल असें नाहीं. परंतु जें उरेल त्याचा हिशेब सभासदांस दिसला पाहिजे.

याविरुद्ध दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, आतां विजेच्या गाड्या आल्या, मग वायूचा एवढा खटाटोप कशास? यावर उत्तर एवढेंच कीं, लहान गाड्यांच्या बाबतींत हा आक्षेप कदाचित् खरा ठरेल, व तसें झाल्यास त्याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं. पण मळी व शेण हीं कुजणारच, आणि उघड्या ढिगांत कुजतांना मिथेन हवेंत जाणारच. हवा तापविण्याच्या कामीं हा वायु शंभर वर्षांच्या हिशेबानें कर्बवायूच्या पंचवीस पटींहून अधिक जोरकस आहे. तो धरून जाळणें हें न धरण्यापेक्षां केव्हांही बरें. मग तो मोटारींत जाळा, ट्रकांत जाळा, कीं कारखान्याच्या भट्टींत जाळा.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. गांवांतील किती गोबरगॅस आज चालूं आहेत, असें कोणी विचारील. फार थोडे, हें कबूल केलें पाहिजे. जनावरें कमी झालीं, सिलिंडर दारांत आला, आणि रोज शेण कालविण्याचा कंटाळा आला. यावरून धडा घ्यावयाचा तो हा कीं, वायूचा कारखाना म्हणजे जनावर पाळण्यासारखें आहे. त्यास रोज खाणें लागतें. साखरेचा हंगाम चारपांच महिन्यांचा. बाकीच्या महिन्यांसाठीं मळी झांकून सांठविली नाहीं तर ती ढिगांतच तापून तिचें सत्त्व जातें. जोडीस दूधवाल्यांचें शेण, केळीचे बुंधे, बाजारांतील सडका भाजीपाला यांची व्यवस्था आधीं ठरली पाहिजे. ज्या योजनेंत हंगामाबाहेरील सात महिन्यांचा विचार नाहीं तींत सभासदांनीं आपला पैसा घालूं नये.

हें सर्व ध्यानांत घेऊन आपल्या संघानें येत्या वार्षिक सभेंत पुढील मागण्यांचा ठराव करावा असें मला सुचवावेंसें वाटतें. पहिली : तालुक्यांत जेथें जेथें मळीपासून वायु काढला जाईल तेथें ऊंस घालणाऱ्या प्रत्येक सभासदास त्याच्या टनांच्या प्रमाणांत स्लरी किंवा तिचें वाळविलेलें खत, फक्त वाहतूकखर्च घेऊन, परत मिळावें. दुसरी : वायु व खत यांचा जमाखर्च साखरेच्या जमाखर्चाबरोबर सभासदांपुढें ठेवावा. तिसरी : वायूचा पंप कारखान्याच्या आवाराशींच असावा, व त्यावर दुधाच्या, मासळीच्या आणि भाजीपाल्याच्या गाड्यांस पहांटेच्या वेळीं पहिला मान असावा. चौथी : गाडीवाल्या तरुणांस नळकांड्यांची निगा व परीक्षा यांची माहिती संघानें द्यावी. यांत अशक्य असें कांहीं नाहीं, व कोणाच्या हक्काचें कांहीं हिरावूनही घेतलेलें नाहीं.

पळसदेवाचें जुनें गांवठाण उजनीच्या पाण्याखालीं आहे. दुष्काळी उन्हाळ्यांत पाणी हटतें तेव्हां पळसनाथाचें जुनें देऊळ वर येतें, आणि लोक तें पाहण्यास लांबून येतात. आमचीं वडीलधारीं माणसें मात्र देवळाकडे न पाहतां आपलें घर कोठें होतें तें शोधीत उभीं राहतात. त्या धरणानें पुष्कळांचें कल्याण झालें, आमचेंही झालें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण घेणें-देणें काय होणार हें त्या वेळीं आमच्या गांवास कोणी आधीं बसून विचारलें नव्हतें, व आम्हांसही विचारावयाचें सुचलें नव्हतें. आतां मळीचा व्यवहार होऊं घातला आहे. तो होण्यापूर्वींच आपण विचारावें, आणि जें ठरेल तें कागदावर घ्यावें. वायु मोटारीस जावा, हरकत नाहीं. मातीचा वांटा तेवढा मातीस परत आला पाहिजे.